कोरडा बेडूक द्यायचा नाही

मी, गोवर्धन पुंजाजी काळमेघ, वय वर्षे बाहत्तर, धंदा मोटार वायंडिंग, राहणार मोर्शी, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता आणि नशापाणी न करता लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी मैनाबाई हिचं मत वेगळं आहे, पण कायद्याला डॉक्टरांचं पुरतं. उजवा खांदा मात्र यंदाच्या उन्हाळ्यात कामातून गेला, म्हणून मजकूर मी सांगितला आणि वकीलसाहेबांनी टाइप केला. त्यांनी बऱ्याच ठिकाणी "हे मृत्युपत्रात बसत नाही" असं म्हटलं. ती सगळी ठिकाणं ठेवली आहेत.

याआधी जानराव लुंगे यांच्या सल्ल्याने मी एक मसुदा केला होता. तो रद्द समजावा. का रद्द, ते पुढे दुकानाच्या कलमात येईल.

कलम १. राहतं घर मैनाबाईच्या हयातीत तिचं. तिच्यामागे मुलगी चंदा आणि मुलगा श्याम यांचं निम्मं-निम्मं. स्वयंपाकघरातली फळी मी वाकडी ठोकली, असं ती चाळीस वर्षं ऐकवते आहे. ती फळी कोणी सरळ करू नये. तिला बोलायला काहीतरी राहू द्यावं.

कलम २. बँकेतली शिल्लक मैनाबाईची. आकडा लिहीत नाही. बँकेला माहीत आहे, मैनाबाईलाही माहीत आहे, मला दोघंही सांगत नाहीत.

कलम ३. वायंडिंगची यंत्रं दुकानासोबत जातील. फक्त लाकडी हातोडी चंदाला द्यावी. ती आता अकोल्याला सासरी असते आणि शाळेत शिकवते. लहानपणी ती माझ्याजवळ बसून तारेचे वेढे मोजायची आणि मी चुकलो की हातोडी आपटायची. परवा फोनवर म्हणाली, "मी त्या हातोडीचं काय करू, बाबा?" काही करू नकोस. असू दे घरात.

कलम ४. माझ्याकडे पत्र्याची एक पेटी आहे आणि तीत मी घडवलेले लाकडी बेडूक आहेत. मरळ मासा पाणगवतात दबा धरून बसतो आणि वरून बेडूक गेला की झडप घालतो. त्याला फसवायला हे बेडूक गरीला, म्हणजे गळाला, बांधून फेकायचे. अंग पांगाऱ्याच्या लाकडाचं, पाय सायकलच्या ट्यूबचे, आणि पोटाला वजन म्हणून जळक्या मोटारीची तांब्याची तार.

अप्पर वर्धा धरणाच्या काठावर आम्हा गरीवाल्यांचा एक रिवाज आहे. बेडूक विकायचा नाही, फुकट द्यायचा नाही, फक्त बदलायचा. तोही ओला. ज्याला नुकताच मासा लागला तोच पाण्यातून काढून दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा आणि स्वतः पाहिल्याची साक्ष द्यायची, "याले मासा लागला, म्या सोता पायला." समोरच्यानेही तसाच ओला द्यायचा. पेटीतला कोरडा बेडूक कितीही देखणा असो, त्याची साक्ष कोण देणार?

जानराव लुंगे, निवृत्त मुख्याध्यापक, माझे जुने सोबती, यांनी हा रिवाज मोडला आहे. माझा 'लंगडा' नावाचा बेडूक त्यांच्या डोळ्यांत भरला होता. एक पाय आखूड असल्याने तो वाकडा पोहायचा आणि मरळ त्याच्यावर जीव टाकायची. जानरावांनी अकोल्याच्या दुकानातून एक चकचकीत बेडूक आणला, माझी पाठ वळलेली असताना पाण्यात बुचकळला, साक्षीचे शब्द तोंड वर करून म्हटले आणि लंगडा घेऊन गेले. घरी आल्यावर मला त्या बेडकाच्या पोटाखाली दुकानाची चिठ्ठी चिकटलेली दिसली. विचारलं तर आजपर्यंत एकच उत्तर. "कंपनीनं लावली असंन." हरवेल या भीतीने ते आता लंगडा पाण्यात टाकतही नाहीत. चोरलं तेही वापरत नाहीत.

जानरावांना माझ्यामागे ही पेटी मिळावी अशी फार इच्छा आहे. वकीलसाहेबांनी सांगितलं, की साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मी जानरावांना साक्षीदार केलं आहे.

कलम ५. बसस्टँडजवळचं वायंडिंगचं दुकान, जागेसह.

काठावर बसून आम्ही बेडूक जेवढे बदलले त्याहून जास्त तरुण पिढीला नावं ठेवली. जानरावांचा गोपाल पुण्यात खुर्चीत बसून काम करतो. माझा श्याम अकरा वाजता दुकान उघडतो आणि बुधवारी उघडतच नाही. मी सकाळी सातला शटर वर करणारा माणूस. जानराव म्हणायचे, "आजकालच्या पोराईले घाम म्हणजे रोग वाट्टे, गोवर्धन." मी म्हणायचो, "तारेले हात लावाचा त्याले कटाळा येते." मैनाबाईने एकदा डबा देताना ऐकवलं, "तुमी दोघं काठावर बसून कामाच्या गोष्टी करून राह्यले, अन् ज्याले नावं ठेवता तो दुकानात हाय." आम्ही डबा घेतला आणि निघालो.

त्या रद्द केलेल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, की श्यामने रोज सातला शटर उघडलं तरच दुकान त्याचं, नाहीतर विकून टाकावं. उघडतो की नाही यावर लक्ष ठेवायला जानराव तयारच होते.

मग खांदा गेला. गरी फेकता येईना. श्याम म्हणाला, "बुधवारी मी नेतो तुमाले. तुमी सांगा, मी फेकतो." मोटरसायकलवर मागे बसून निघालो. वाटेत तो माझे जुने गिऱ्हाईक केशवराव यांच्या संत्र्याच्या बागेत थांबला आणि विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी उघडून बसला. विहीर आटली किंवा विजेचा एक फेज गेला की मोटार आपोआप बंद करणारं यंत्र त्याने तिथे बसवलं आहे. असं यंत्र त्याने किती शिवारांत बसवलं आणि रोज सकाळी दुकानाआधी आणि बुधवारी दिवसभर तो कुठे कुठे फिरतो, हे मला केशवरावांनी सांगितलं. पोराने कधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. केशवराव म्हणाले, "आमची मोटार दर उन्हाळ्यात जळे. आता जळत नाही."

केशवरावांची मोटार दर उन्हाळ्यात मीच नवी तार गुंडाळून भरून द्यायचो. माझं घर त्या जळण्यावर उभं राहिलं. वाटेत मी श्यामला म्हटलं, "तू आपलंच दुकान बुडवून राह्यला."

तो म्हणाला, "मोटार भरून येईपर्यंत त्याईचा आंबिया गळून जाये, बाबा. ते कोणाच्या हिशोबात धरायचं?"

आंबिया म्हणजे संत्र्याचा बहार, इथे वर्षाची भाकर. जळालेली मोटार माझ्या दारात यायची, गळालेली संत्री कधी माझ्या दारात आली नाहीत.

काठावर त्याने स्वतः केलेला बेडूक काढला. जुन्या केबलच्या काळ्या रबराचा, दिसायला अगदी भिकार. फेक त्याहून भिकार. गवताच्या एकाच खळग्यात तो पुन्हा पुन्हा टाकत राहिला. मी जागा बदल म्हटलं, मग ओरडलो. तो म्हणाला, "थांबा." शर्ट पाठीला चिकटला, ऊन डोक्यावर आलं, आणि मग पाणी फुटलं. मोठी मरळ होती. त्याने तिला बाहेर काढलं आणि मला एवढा आनंद झाला, की खांदा विसरून मी उठून उभा राहिलो.

त्याने तो बेडूक सोडवला, ओलाच माझ्या डाव्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "याले मासा लागला, बाबा. म्या सोता पायला." मग स्वतःचा हात पुढे केला.

माझ्या पेटीतले सगळे बेडूक कोरडे होते. खांदा असा, की आता ते कोरडेच राहणार. त्याने जरा वेळ हात तसाच ठेवला, मग हसला आणि मासा पिशवीत भरू लागला. ती अदलाबदल अर्धीच राहिली आहे. तेव्हापासून मला तेवढी एकच गोष्ट खुपते. मेलेल्या माणसाने ठेवलेला बेडूक कोरडाच असतो, त्यामुळे पेटी लिहून दिली तरी ती अदलाबदल पुरी होत नाही.

म्हणून बदल्यात जे देतो ते असं. दुकान श्यामचं, बिनशर्त. शटर त्याने वाटेल तेव्हा उघडावं, बुधवारी बंद ठेवावं, आणि मोटारी जळू देऊ नयेत. ज्यांच्याजवळ मी इतकी वर्षं उलटं बोललो, त्या सगळ्यांसाठी हे इथे लिहवून ठेवतो, की माझा मुलगा काम करतो. म्या सोता पायलं.

कलम ६. पेटी श्यामने काठावर न्यावी आणि एकेक बेडूक पाण्यात टाकून पाहावा. ज्याला मासा लागेल तो त्याचा. जो गवतात अडकेल तो धरणाचा. त्याने दिलेला काळा बेडूक मात्र माझ्या सदऱ्याच्या खिशात राहू द्यावा. तो घेऊनच मी जाणार आहे.

कलम ७. तेरवी साधी करावी. जानरावांना भाषण करू देऊ नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. सही डाव्या हाताने केली आहे, वाकडी आली तरी खरी धरावी.

ठिकाण: मोर्शी
दिनांक: ११ जून २०२५, बुधवार (दुकान बंद)

गोवर्धन पुंजाजी काळमेघ

साक्षीदार १: केशवराव भुयार, बागायतदार. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: जानराव लुंगे, निवृत्त मुख्याध्यापक. माझ्यासमोर सही झाली. चिठ्ठी कंपनीने नाही, दुकानदाराने लावली होती. ती काढायची माझ्याकडून राहिली. लंगडा आज सकाळी पाण्यात टाकला, मासा लागला, आणि तो ओल्या रुमालात गुंडाळून गोवर्धनच्या हातावर ठेवला आहे. आता त्याच्याजवळ श्यामला द्यायला ओला बेडूक आहे. श्याम बाहेर मोटरसायकल घेऊन उभा आहे, म्हणून मी लिहिणं इथेच थांबवतो.