लाखेखालचा आवाज

दि. ६ फेब्रुवारी

चि. सौ. गोगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पुडी काल पोचली. एवढी महत्त्वाची वस्तू पायमोज्यात गुंडाळून पाठवणं तुलाच सुचू शकतं. मोजा धुतलेला होता, तेवढंच समाधान.

पेन ड्राइव्ह लावून सगळा ऐकला. तुझ्या नवऱ्याची वाक्यं स्वच्छ ऐकू येतात. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज जाणार हे ठाऊक असलेला माणूस चहा मागण्याचं साधं वाक्यही इतक्या तोऱ्यात बोलतो, याचं मला कौतुक वाटलं. त्यांना सांगू नकोस. आयुष्यभर फुलबाजारात लिलाव पुकारला की गळा असा होतो. त्यांचं बोलकं यंत्र पुढे याच आवाजात बोलणार असेल, तर हा ऐवज तुमच्या घरी ठेवून चालणार नाही. तुमच्याकडे चष्मे पिठाच्या डब्यात सापडतात.

आता नीट ऐक. वाचा-उपचार केंद्रातल्या बाईंनी दोन प्रती दोन ठिकाणी ठेवायला आणि एक इंटरनेटवरून त्यांच्याकडे पाठवायला सांगितलं, असं तू लिहितेस. बाईंनी परीक्षेचं काम कधी केलेलं दिसत नाही. विद्यापीठाच्या गोपनीय विभागात मी प्रश्नपत्रिका सांभाळल्या आहेत. जितक्या प्रती, तितक्या फुटायच्या वाटा. आम्ही एकच प्रत ठेवायचो, लाखेनं बंद, आणि बाकी सगळं जाळायचो. माझ्या हाताखाली एकही पेपर फुटला नाही. दुसऱ्याचा आवाज चोरून लोकांना फसवतात, हे रोज छापून येतं. तेव्हा फोनमधलं रेकॉर्डिंग पुसून टाक आणि लॅपटॉप दुकानात नेऊन पूर्ण कोरा करून घे.

पेन ड्राइव्ह मी पाकिटात घालून, कडांना आणि मधोमध लाख ओतून, निरोपसमारंभात मिळालेल्या पितळी शिक्क्यानं दाबून बंद केला आहे. आता वारासुद्धा आत जाणार नाही.

फोन करत बसू नकोस. फोन दुकानातून सामान मागवायला असतो. महत्त्वाचं असेल ते कागदावर यावं. तुझ्या यजमानांना धीर दे, आणि उरला तर थोडा स्वतःसाठी ठेव.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शस्त्रक्रिया नीट झाली, हे परवा जाऊबाईंनी तुला कळवलंच असेल. ह्यांना कालच घरी आणलं. घरात एवढी शांतता आहे की मोरीतला नळ ठिबकतो तो पुढच्या खोलीत ऐकू येतो. हे पाटीवर लिहून बोलतात. घरी आल्यावर पहिलं वाक्य तुझ्यासाठी लिहिलं, की आकडसासूबाईंना कळवा, आता उलट उत्तर मिळणार नाही, मनसोक्त बोलून घ्या. मी हसले आणि मोरीत जाऊन रडले.

तू सांगितलंस तसं केलं. फोनमधलं पुसताना बोट जरा अडलं, पण पुसलं. लॅपटॉपही कोरा करून आणला. ह्यांना विचारलं नाही. बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की तुमच्या ताई फार जपणाऱ्या दिसतात. आता पाकीट सरळ केंद्रातच पाठव.

एक तुला सांगायचं राहिलं. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी ह्यांनी मला खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं होतं. तोंडातले नेहमीचे शब्द वेगळे बोलून ठेवा, असं बाईंनी सांगितलं होतं म्हणे, तर ह्यांनी माझं नावच घेतलं. चिडून, लाडीगोडीनं, बाजारातून आल्यावर दारातून हाक मारतात तसं. मी ते मुद्दाम ऐकलं नाही. यंत्र आल्यावर एकदमच ऐकेन.

तब्येतीला जप. लोभ करतेसच, तो आटू देऊ नकोस.
तुझी गोगी


दि. १२ मार्च

चि. सौ. गोगीस आशीर्वाद.

पेन ड्राइव्ह उघडत नाही, असं केंद्रानं तुला सांगितल्याचं कळलं. मला याचं आश्चर्य वाटत नाही, संताप येतो. पाकीट माझ्या हातून बिनचूक निघालं होतं. लाख शाबूत होती, हे त्यांनीच पोचपावतीवर लिहिलं आहे. याचा अर्थ सरळ आहे. जे बिघडलं ते त्यांच्या टेबलावर बिघडलं.

यंत्रांपाशी बसणारी ती तरुण तंत्रज्ञ मुलगी तू म्हणतेस तशी गुणी असेल. पण गुणी मुलींनाही घाई असते. तिनं पेन ड्राइव्ह खसकन ओढला असणार. मी केंद्राच्या संचालकांना तसं स्पष्ट लिहिलं आहे आणि वस्तू परत मागवली आहे. तू मध्ये पडून गोड बोलू नकोस. तुझ्या गोड बोलण्यानं आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

बाकी पुढच्या पत्री. माया आहे म्हणूनच बोलते.
तुझी ताई


दि. २० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर त्या मुलीला यंत्रांच्या खोलीतून काढून नोंदणीच्या खिडकीत बसवलं आहे. आम्ही गेलो तर ती उठून उभी राहिली आणि सांगू लागली की तिनं अगदी हळू लावला होता. बोलता बोलता रडली. ह्यांनी पाटीवर लिहून दाखवलं की आमचं काही म्हणणं नाही. पण आमचं होतं ना, ताई. तुझ्या नावानं का होईना, आमचंच होतं.

केंद्राच्या सांगण्यावरून वस्तू तुला परत करण्याआधी दुरुस्तीच्या दुकानातही दाखवली. आतलं काही निघणार नाही म्हणाले. हे ऐकल्यापासून ह्यांनी पाटी कपाटावर ठेवली आहे. बोटानं खुणा करतात तेवढ्याच.

मी तीनदा फोन केला. तू उचलत नाहीस.

लोभ असू दे.
गोगी


दि. २९ मार्च

चि. सौ. गोगीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

पेन ड्राइव्ह परत आला. मुलीची चूक कागदोपत्री सिद्ध करायची म्हणून मी भिंग घेऊन बसले. धातूच्या तोंडात लाखेचा तांबडा कण अडकलेला दिसला, आणि प्लॅस्टिक मधोमध किंचित दबलेलं. मग मी घरातला दुसरा पेन ड्राइव्ह काढला. त्यात माझ्या निवृत्तीच्या भाषणाचे फोटो होते, गेले तर जगाचं नुकसान नव्हतं. तो लावून पाहिला, चालत होता. तसल्याच पाकिटात घातला. तशीच लाख पातळ करून ओतली आणि गरम असतानाच पितळी शिक्का ठेवून, सवयीप्रमाणे, अंगाचा भार देऊन दाबला. थंड झाल्यावर फोडून पुन्हा लावला. चालला नाही.

प्रश्नपत्रिका कागदाच्या असतात. त्यांच्यावर कितीही भार द्या. ही गोष्ट पहिलीतल्या पोराला कळली असती, मला कळली नाही. वस्तू जागच्या जागी मोडली आणि मी वरून शिक्का मारून शाबूत असल्याचा दाखला दिला. दुसरी प्रत असती तर हसण्यावारी गेलं असतं. तीही मीच ठेवू दिली नाही.

संचालकांना आजच लिहिलं आहे की तक्रार खोटी होती आणि चूक माझी आहे. त्या मुलीला वेगळं पत्र घातलं आहे. तिला काय लिहायचं ते सुचेना. चार कागद फाडले.

तुझा फोन वाजला तेव्हा मी शेजारीच बसले होते. उचलवला नाही.

ताई


दि. १० एप्रिल

ती. ताईस,

तुझं पत्र ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी घडी करून परत दिलं, बस्स.

लहानपणी माझी चित्रं खराब होतील म्हणून तू ती माळ्यावर ठेवायचीस आणि मला मिळायची नाहीत. तेव्हाही मी काही म्हटलं नाही. आज म्हणते. तू जपतेस ते माणसासाठी नाही, तुझं नाव राहावं म्हणून. आणि मी पुसलं ते तुझा धाक म्हणून. नवऱ्याचा आवाज पुसताना त्याला विचारावंसंही वाटलं नाही मला. कुणाला तोंड दाखवू?

यंत्रात दुसऱ्या कुणाचा तरी तयार आवाज घालता येतो, असं बाई म्हणाल्या. हे मानेनं नाही म्हणाले. जुनी रेकॉर्डिंग भरपूर जमली तर त्यातून थोडाफार ह्यांच्यासारखा आवाज करता येईल म्हणे. आमच्याकडे काही नाही. मी सगळं स्वच्छ केलं आहे.

गोगी


दि. ५ मे

चि. सौ. गोगीस आशीर्वाद.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी पत्र दोनदा वाचलं आणि समोर ठेवूनच कामाला लागले.

तुझ्या जाऊबाईंकडून फुलबाजारातल्या आडत्यांचे पत्ते घेतले. प्रत्येकाला लिहिलं की तुझ्या यजमानांचे जुने व्हॉइस मेसेज कुणाकडे राहिले असतील तर द्यावेत. ते का हवेत हे सांगताना माझा शिक्का सांगावा लागतो. पहिल्या पत्रात मी वस्तू नादुरुस्त झाली असं लिहिलं. मग ते फाडून मी मोडली असं लिहिलं. पुढच्या प्रत्येक पत्रात तेच लिहिलं. हाताला सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

गोगी, ज्यांना मी अव्यवस्थित म्हणाले असते अशा माणसांनी काहीही पुसलेलं नाही! हारवाल्या बाईंच्या फोनमध्ये जागा नाही, नवे फोटो बसत नाहीत, पण कितीतरी वर्षांचे झेंडूचे भाव यांच्या आवाजात पडून आहेत. एकानं तर जुना फोन फेकायचा राहिला म्हणून ठेवला होता, त्यात यांच्या शिव्याही आहेत. सगळं केंद्रात पोचलं. ती मुलगी परत यंत्रांपाशी बसते आणि तिनंच ते लावून घेतलं. प्रती तिला पाहिजे तितक्या करू दे, असं मी लेखी दिलं आहे.

आता जे लिहायचं टाळत होते ते. या मेसेजांमध्ये तुझं नाव कुठेच नाही. बाजारात कोण बायकोचं नाव घेतो? तुझ्यावरून थट्टा करायला ते मलाच मेसेज करायचे, आणि मी रोज जेवणानंतर फोन साफ करते. शिवाय पेन ड्राइव्ह मी पूर्ण ऐकला होता. तुझ्या नावाच्या त्या हाकासुद्धा. तुझ्याकरता ठेवलेल्या हाका जगात मी एकटीनं ऐकल्या आणि वर लाख ओतली. याची मला जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

रागव, पण तोडू नकोस.
ताई


दि. २ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

यंत्र आलं. आवाज ह्यांचाच आहे, पण भर बाजारातला. पाणी मागतात ते लिलावात शेवंतीची टोपली पुकारल्यासारखं. काल डॉक्टरांना घसा दुखतो म्हणून सांगितलं तर बाहेर बसलेले रोगी आत डोकावले. हे हसतात, म्हणजे खांदे हलतात. पाटी आता मी हिशोबाला घेतली.

माझं नाव मात्र यंत्राला जमत नाही. दोन अक्षरं सुटी सुटी टाकतं, वजनकाट्यावर टाकल्यासारखी. ह्यांनी पुष्कळ खटपट केली. मग नाव न घेताच बोलू लागले.

त्या हाका कशा होत्या, असं तुला विचारणार होते. पण हाक कागदावर कशी लिहिणार? जाऊ दे. मी आता रागावलेली नाही, दमले आहे फक्त.

लोभ आहे.
गोगी


दि. ९ जून

चि. सौ. गोगीस अनेक आशीर्वाद.

काल तू फोनपाशी आलीस तेव्हा मी तो ठेवून दिला होता. तुझे यजमान खुणांनी सांगून थकले असतील, म्हणून खुलासा करते.

फोन त्यांनी केला होता. नंबर तुझा दिसला आणि या वेळी मी उचलला. पलीकडून बाजार सुरू झाला. त्यांनी विचारलं की आवाज त्यांचा गेलाय, तर माझा कुठे गेला. एवढ्या लोकांना लेखी कळवलंत, घरच्या माणसाला तोंडानं सांगायला काय झालं. मी उभी राहिले आणि सांगितलं. चूक माझी, मला माफ करा, एवढंच. लिहिताना हे वाक्य मोठं असायचं, बोलताना फार लहान निघालं. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं त्यांनी फोन ठेवला. ते यंत्रात टाइप करत होते.

मग म्हणाले की माफीचं नंतर बघू, आधी एक काम करा. गोगी मागे कपडे वाळत घालते आहे. दारातून मारतो ती हाक यंत्राला येत नाही आणि ऐकलीत फक्त तुम्ही, तेव्हा मारा. मी नाही म्हटलं. आजूबाजूला माणसं राहतात, माझं वय काय, असंही म्हटलं. ते पुन्हा टाइप करू लागले, म्हणून मीच घाबरून हाक मारली. परीक्षेला हजेरी घेता तशी झाली, असं उत्तर आलं. दुसरी खालच्या पट्टीत घ्या म्हणाले.

तिसऱ्या वेळी फोन स्पीकरवर करून मागच्या दारात धरतो म्हणाले. मी डोळे मिटले. ती त्यांची हाक आठवली. पहिलं अक्षर लांबवर ओढत नेतात आणि दुसरं दारातच टाकतात, हातातल्या पिशवीसारखं. तशी मारली, खिडकी उघडी होती तरी मारली. समोरच्या गॅलरीतला माणूस माझ्याकडे बघत राहिला.

आणि तू मागून ओ दिलीस. मी तुला जन्मापासून हाका मारते आहे, मला तू अशी ओ कधी दिली नाहीस. ती माझ्यासाठी नव्हती, म्हणून मी फोन ठेवला.

पुन्हा हवी असेल तर कळव. फोनच कर.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
ताई