मशीनमधली आमची दोघं

नाय गं आई, बर्फात नाय ठेवलेले. बर्फ कमी पडतो त्यांना. नायट्रोजन म्हणून असतंय, पाण्यासारखं पातळ, पण बोट बुडवलं तर बोट जाईल इतकं गार. त्यात आमचे दोन गर्भ, पाच-पाच दिवसांचे, मोहरीहून बारीक. तू गेलीस तवा मी नववीत. जावई बघितलाच नाय तू. तो आलाय तिकडं, दोन वर्सं झाली. लई बोलका माणूस, ओळख काढली असंलच त्यानं.

लग्नाला अकरा वर्सं झाली तरी पाळणा हलला नाय, म्हणून पुण्याच्या लॅबमधी हे केलं. तीन गर्भ झाले. एक पोटात ठेवला, टिकला नाय. उरलेले दोन पुढच्या खेपेला म्हणून गोठवले. तेवढ्यात हे मंचरला कांद्याच्या गोणी उतरवताना छाती धरून खाली बसले, ते उठलेच नाय.

मागल्या महिन्यात लॅबमधनं फोन आला. जुनी टाकी जाऊन मशीन आलंय, सही करायला या. निघताना सासूनं माझ्या पदराला लोखंडाचा खिळा बांधला. वीज कडाडली की अंडी मरतात म्हणून कोंबडीखाली ठेवायचीस ना तू, तसा. म्हणली, "त्यांच्या शेजारी ठिव. माझ्या पोराचं हाय ते."

मी तो खिळा तिथल्या पोरीपुढं ठेवला. ती म्हणली, "काकू, आत माणसाचा हातसुद्धा जात नाही. मशीनच नळी उचलतं, नंबर वाचतं, परत ठेवतं."

"मग दृष्ट काढायला पण शिकवा त्याला," मी म्हणले.

हसली. पडद्यावर दोन हिरवे ठिपके दाखवले. "मिस्टर नाही आले?"

"लई भाव खातात आता. बोलावलं तरी येत नाय."

परत हसली, मग माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि कागद पुढं सरकवला.

त्या ठिपक्यांकडं बघताना तू आठवलीस. खुडूक कोंबडीखालचं अंडं मी कानाशी धरून हलवलं व्हतं, आत पिल्लू बोलतंय का म्हणून. ते नासलं. तू मारलं नाय. भाकरी थापता थापता एवढंच म्हणलीस, "तुला धीर नाय, पोरी." अजून लागतंय ते.

कागदावर दोन चौकटी व्हत्या. ठेवायचे, नायतर काढून टाकायचे. ह्यांनी आधीच लिवून दिलेलं, माझ्यामागं हिची मर्जी. पोरगी पाणी आणायला उठून गेली. मी पेन धरून बसले.

आता सासू रोज मशीनला शिव्या घालती. ते बिघडलं, दोनी गेले, असं सांगितलंय तिला मी. नीट जेवत नाय. मी पण शेजारी बसून शिव्या देते, तिच्यापेक्षा झणझणीत, जरा हसावी म्हणून. तुझ्याकडं पत्र पोचवायचा पत्ता नाय, म्हणून तर हे लिवता येतंय.

ह्यांचं नाक, ह्यांचं हसणं घेऊन कुणी घरात फिरलं असतं, तर मला ते रोज बघवलं नसतं. मशीन चांगलं चाललंय, आई. काढून टाका म्हणून मीच सही केली.