यांना सगळं आठवलं तर

१० मे
यांच्या मेंदूतली गाठ परत आलीय. ऑपरेशन झालं, किरणं झाली, तरी! डॉक्टर इनागाकींनी फोटोवर बोट ठेवलं – डावीकडे, जुन्याच जागी. पुन्हा कापता येणार नाही. नेहमीची किरणंही आता झेपणार नाहीत. एकच वाट उरलीय म्हणाले – कुमातोरीची अणुभट्टी.
यांना विचारलं, जायचं का? हे खिडकीकडे बघत "मासे... मासे..." एवढंच. शब्दच सापडत नाहीत यांना.

१२ मे
शिरेतून बोरॉनचं औषध देतात. गाठ ते अधाशासारखं पिते, चांगला मेंदू फारसा पीत नाही. मग भट्टीतून न्यूट्रॉन सोडायचे. बोरॉन जिथं मुरलंय तिथल्या पेशी आतल्या आत फुटतात. पण यांची गाठ ते पिते का, हे आधी बघणार. नाही प्यायली तर संपलं.
शेजारच्या तोमोएबाई – "अगं फुमिए, गेल्या वर्षी फुकुशिमाचं एवढं बघितलंस, तरी नवऱ्याचं डोकं अणुभट्टीत घालणार?" तोंडावर दार आपटलं नाही एवढंच!

१५ मे
पिते! तपासणीत गाठ लख्ख उजळली. डॉक्टर पहिल्यांदाच हसले.
गाडी शोगो भाऊजींनी चालवली. येताना जाताना यांनी त्यांची बाही सोडली नाही.
आणि हाच तो यांचा धाकटा भाऊ! सासूबाई गेल्या तेव्हा भाऊजी मासेमारीच्या बोटीवर होते. निरोप पोचूनही आले नाहीत. का, ते कधी सांगितलं नाही. "परत तोंड दाखवलंस तर तंगडं मोडीन!" – हे ओरडले होते, सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. त्यानंतर भाऊजी कधी उंबरा ओलांडून आले नाहीत. आजारात हे ते भांडणच विसरले. मी भीत भीत फोन केला, तर भाऊजी दुसऱ्या दिवशी दारात. आता यांना अंघोळ तेच घालतात.

१६ मे
भाऊजी वांग्याचं लोणचं खाता खाता म्हणाले, "वहिनी, दादा बरा झाला की मला हाकलणार बघा."
"काहीतरीच काय!"
"अहो, आठवायलाच हवं ना त्याला. नाही आठवलं, तर बरा कसला झाला?"
मी ताटं उचलली. देवाकडे मागू तरी काय?

३१ मे
आज झालं.
सकाळपासून बोरॉन चढवत होते. मग यांचं डोकं पट्ट्यांनी बांधून न्यूट्रॉन येतात त्या भिंतीतल्या भोकाशी टेकवलं. सगळे बाहेर, जाड दार बंद. आम्ही पडद्यावर बघत होतो. आणि हे चुळबुळायला लागले! हात पट्ट्यांकडे. सांगितलेलं कळतच नाही ना यांना! "असेच हलले तर थांबवावं लागेल," एकजण म्हणाला. मी माइकवर ओरडले – काही उपयोग नाही.
भाऊजींनी मला बाजूला केलं. "दादा, शोगो बोलतोय. जाळं जड आलंय रे. दोर धर. हलू नकोस, नाहीतर बाबा बोंब मारतील!"
हात खाली आला. मुठी आवळल्या. संपेपर्यंत भाऊजी बोलत राहिले – बांगडे, वारा, बाबांच्या शिव्या. घसा बसला त्यांचा.

९ जून
ताप. ओकाऱ्या. उशीभर केस. आता "मासे"सुद्धा नाही.

२० जून
फोटोत गाठ वाढलेली दिसतेय!! डॉक्टर म्हणाले, "मेलेल्या गाठीची सूजही अशीच दिसते. किंवा खरंच वाढली असेल. आज सांगता येत नाही." सूज उतरायचं औषध दिलंय.
भाऊजी मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मी हाक मारली नाही.

४ जुलै
ताप नाही. पेज पोटात राहिली. एवढंच.

१२ जुलै
सूजच होती! उतरतेय. डॉक्टर म्हणाले, इतक्यात नाचू नका. नाचले नाही. न्हाणीघरात जाऊन रडले.

१९ जुलै
सकाळी भाऊजी पेज घेऊन आत गेले. हे त्यांच्याकडे बघतच राहिले. कपाळाला आठी पडली. आणि –
"शोग्या! तुला घरात कोणी घेतलं?"
अख्खं वाक्य!
"वहिनी, ऐकलंत? ऐकलंत ना?" भाऊजी हसत, डोळे पुसत चपलांकडे निघाले.
त्यांचा पाय चपलेत जायच्या आत मी दार आतून लावून घेतलं.