एडक्याच्या पोटाचं फडकं

माय, तू गेल्यावर कित्येक वर्षांनी मी लिहायला शिकले, तेही सासरी, धाकट्या दिराच्या पाटीवर. तुला तर वाचता येत नव्हतं, आणि हा कागद कुणाच्या हाती द्यायचाही नाही. तरी लिहिते.

मी नऊ वर्षांची असेन. निजामाचं राज्य होतं, आणि औंढ्याच्या वाटेवरच्या माळावर आपल्या मेंढ्या बसायच्या. बाबा एडक्याच्या, कळपातल्या नर मेंढ्याच्या, पोटाखाली जाड फडकं बांधत. मी तुला विचारलं, "माय, याला फडकं काहून बांधलं?" तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "थंडी वाजून राहिली त्याला." माघ होता, मला पटलं. चैतात ऊन तापलं तशी मला त्या जनावराची दया आली. बाबा दुपारी झाडाखाली आडवे झाले की मी फडकं सोडायची आणि संध्याकाळी पुन्हा बांधायची. मोठं पुण्य करते आहे असं वाटायचं.

एडका अवेळी मेंढ्यांना लागू नये, कोकरं दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत व्हावीत, म्हणून ते फडकं होतं. हे मला कोण सांगणार? भादव्यात भर पावसात मेंढ्या व्याल्या. सात कोकरं चिखलात गारठून मेली. बाबांनी विचारलं, "फडकं सोडलं कोणी?" मी म्हटलं, "म्या सोडलं. त्याला गरम व्हत व्हतं." बाबांनी काठी उचलली, तशी तू मधे आलीस. "पोरीचा गुन्हा न्हाई. तिनं बराबर विचारलं व्हतं, म्याच खोटं सांगितलं. मारायचं तर मला मारा." बाबांनी काठी टाकली. मला तुझा इतका अभिमान वाटला की कोकरांचं दुःखही विसरले.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर तू सांगितलंस, माझ्याकडं न बघता, लुगडं आपटत. "एडक्याचं बी मेंढीच्या पोटात जातं, तवा कोकरू व्हतं. माणसाचंबी तसंच, गडी अन् बाई. लेकरू पोटातल्या पिशवीत वाढतं. त्यात लाजायचं काही न्हाई, पण ते मोठ्या माणसाचं काम." थोड्या वेळानं म्हणालीस, "तुझ्या अंगाला कोणी नको तिथं हात लावला, मग तो घरातला का असंना, मला येऊन सांगायचं. मी तुला बोलणार न्हाई. कळलं?" मी म्हटलं, "व्हय." तुला हायसं वाटलेलं मला दिसलं.

माझं ते "व्हय" खोटं होतं, माय. मला अर्धंच कळलं होतं; बी पोटात जातं कसं आणि 'नको तिथं' म्हणजे कुठं, ते कळलं नव्हतं. तुझी लाज बघून मी विषय मिटवला, उरलेलं पुढं कधीतरी विचारू म्हटलं, आणि मार्गशीर्षात तू तापानं गेलीस. उरलेलं मला लग्नानंतर कळलं, आणि तेव्हा मी फार भ्याले. माझी लेक विचारायला लागली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तीही लगेच म्हणाली, "कळलं." मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "मग मला सांग बरं, काय कळलं." तिलाही अर्धंच कळलं होतं. उरलेलं मी तिथंच पुन्हा सांगितलं.