मधपेट्यांवरचं काळं फडकं

केंटकी, १८६२

लीअँडरदादा,

परवा ओढ्यापाशी तुमच्या उत्तरेच्या फौजेच्या तोफांसमोर आमची माणसं शिकारीच्या बंदुका घेऊन उभी राहिली. चुलीवरची मक्याची भाकरी भाजून होण्याआधी लढाई संपली. तिला कुणी नावसुद्धा देणार नाही. त्यात तुझा मेहुणा, माझा होझिया, गेला.

आता तुमचे घोडेस्वार लढलेल्यांची घरं शोधून जाळताहेत. आणि सासूबाईंचं एकच, "अगं, घरातलं माणूस गेलं की मधमाश्यांना सांगावं लागतं. पेट्यांवर काळं फडकं टाक, नाहीतर माश्या निघून जातील."

"जाऊ देत!" मी ओरडले. "शेजारच्या टॅकेटकाकूंनी टाकलं, तर स्वारांनी पेट्या बघूनच त्यांचं घर पेटवलं!"

बोलले आणि मग ध्यानात आलं. ही रीत आपल्या डोंगरातली. शहरातल्या त्या पोरांना फडक्याचा अर्थ कुणी सांगितला? त्या पलटणीत आपल्याकडचा तू एकटाच आहेस, दादा. आई गेली तेव्हा पेट्यांवर फडकं तूच टाकलं होतंस.

टापा ऐकू येताहेत. हे पत्र चुलीत घालते. पेट्या मी उघड्याच ठेवल्यात. पण दारात तू आलास, तर माझा चेहरा बघूनच तुला कळेल, फडक्याची गरज पडणार नाही.

तुझीच,
अरमिंडा