पट्टीवरचा चौथा हिरवा

करांगदुवुर,
बुधवार, १४ एप्रिल २००४

प्रिय म्बाक वार्सिनी,

तुला आणि दाजींना सलाम. इकडे आई बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. लाम्पुंगला पाऊस कमी आहे असे दाजींनी लिहिले होते, आता कसे आहे? मांजरीला तीन पिल्ले झाली. आई अजूनही मिरच्या तोडायला मला पाठवत नाही, स्वतः लंगडत जाते. ते असो.

कापणी झाली. आपले भात बरे आले. बांधापलीकडच्या बू केमींचे अर्धे आडवे झाले. दाणा भरायच्या आधीच वाऱ्याने झोपले आणि लोंब्या पाण्यात कुजल्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राबतात, तुला ठाऊक आहे. त्या कुणाला बोल लावत नाहीत. म्हणतात, "लेंडीखताची हौस मला नडली. एवढे घालायला कोणी सांगितले होते?" परवा शुक्रवारी, दर पाचव्या दिवशी भरणाऱ्या पोनच्या बाजारात चारही बकऱ्या विकणार आहेत.

भाताच्या पानाचा रंग ताडून बघायची, फिकट ते गडद हिरव्या छटांना आकडे घातलेली पट्टी माझ्याकडेच असते. नियम तुला पाठ आहेत, तरी लिहितो, म्हणजे मी काही विसरलेलो नाही हे कळेल. सकाळी जायचे. दहा रोपे घ्यायची. वरचे पूर्ण उघडलेले पान आपल्या सावलीत धरून पट्टीला लावायचे. चारपेक्षा फिकट असेल तरच युरिया. आणि सबंध हंगाम एकाच माणसाने बघायचे, कारण प्रत्येकाचा डोळा वेगळा.

तू बघायचीस, मी लिहायचो. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा पाक कार्जो आपल्या नऊ घरांच्या शेतकरी गटाच्या सभेत म्हणाले, "पार्योनोला द्या. पाचवीत शाळा सोडली, पण अक्षर छापल्यासारखे." बायका हसल्या, मीही हसलो. तेव्हाच नको म्हणायला हवे होते.

गुरुवार

काल इथे थांबलो. आता लिहितो.

म्बाक, पट्टीवरचा तीन आणि चार मला एकसारखे दिसतात. तू आकडा मोठ्याने म्हणायचीस ते माझ्यासाठी, हे आपण कधी बोललो नाही. यंदा मी दर खेपेला दहा रोपांपाशी वाकलो, सावली केली, आणि मागच्या वर्षीचे तुझे आकडे उतरवले. नऊ घरांचे. कुठेही खाडाखोड नाही.

मागच्या वर्षी बू केमींकडे बकऱ्या नव्हत्या. यंदा लेंडीखताने त्यांचे पान गडद असणार, युरिया नकोच होता. मी तीन लिहिले, त्यांनी युरिया टाकला. दोनदा.

आज सकाळी त्यांच्याकडे जाऊन हे सांगितले. त्या शेंगदाणे निवडत होत्या, हात थांबला नाही. निवडून झाल्यावर मला परसात नेले आणि मिरचीच्या झाडापाशी उभे केले.

"यातल्या पिकलेल्या तोड बघू."

मी चाचपडून पाच तोडल्या. त्यांनी तळहातावर उलटसुलट करून पाहिल्या.

"पाचात दोन पिकलेल्या," त्या म्हणाल्या. मग विचारले, "हंगामभर ओणवा होऊन काय बघत होतास रे? स्वतःचे पाय?"

त्यांनी मिरच्या माझ्या हातात परत ठेवल्या.

"बकऱ्या राहतील. भात काही उठून उभे राहणार नाही. आता बाकीच्या घरांना सांग. मी सांगणार नाही, तुझे तू."

आपले आणि त्यांचे सोडून सात घरे. दुपारपर्यंत तीन झाली. पाक कार्जोंनी सगळे ऐकून घेतले आणि दार लोटले. पट्टी बू केमींनी ठेवून घेतली आहे. पुढच्या हंगामात त्या बघणार म्हणतात. लिहायला कोण, ते अजून त्यांनी सांगितलेले नाही, मीही विचारले नाही.

आकड्यांची वही या पत्राबरोबर पाठवतो. मागच्या वर्षीची पाने तुझी आहेत. यंदाच्या पानांवर अक्षर तेवढे माझे आहे.

उरलेल्या चार घरांकडे निघालेला,
तुझा भाऊ
पार्योनो