दुसऱ्या पिशवीचं रक्त

१ जुलै, कोल्हार

पोहोचले. खोली मनासारखी आहे. वरचा मजला, स्वच्छ चुना दिलेल्या भिंती, दोन खिडक्या. समोर ऊस, त्यामागे प्रवरा. धाकट्या भावानं, नॅथननं, सामान लावलं. मी ते पुन्हा नीट लावलं. आज फार बरं वाटतं आहे.

रक्ताच्या कर्करोगावर पुण्यात माझं नाळेच्या रक्ताचं प्रत्यारोपण झालं, त्याला आज साठ दिवस झाले. वय एकसष्ट, म्हणून केमो सौम्य दिली. माझं जुनं रक्त पुरतं मारलं नाही, नव्याला जागा होईल इतकंच हटवलं. मोठ्या माणसाला एका नाळेतलं रक्त पुरत नाही, म्हणून दोन अनोळखी नवजात मुलींच्या दोन पिशव्या चढवल्या. डॉक्टर हसत म्हणाले होते, दोघींतली शेवटी एकच टिकते. दुसरी टिकली. पहिलीचा महिन्याभरात मागमूस उरला नाही. आता हे रक्त पूर्ण रुजायला हवं, नाहीतर रोग परतेल.

घरमालकीण रतनबाईंना मी पोटाचं ऑपरेशन सांगितलं. कॅन्सर म्हटलं की खोली मिळत नाही, हे तीन गावांत पाहून झालं. खोटं बोलणाऱ्या मुलींना मी तीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं. असो.

५ जुलै

खाली रतनबाईंची लेक पूजा बाळंतीण आहे. मुलगी बारा दिवसांची. दिवसभर ओव्याची धुरी वर येते. मी मास्क लावून लांबूनच पाहिलं. गुटगुटीत आहे.

रतनबाईंनी सुनेला आणि तिच्या तीन महिन्यांच्या मुलाला देवळालीला माहेरी धाडलं आहे. कारण विचारलं तर म्हणाल्या, बाई, तुमी शिकलेल्या, तुमाला हसू येईल, पन एका छताखाली दोन नवे जीव आमी ठेवत न्हाई. एक वाढतो, दुसरा वाळतो.

हसू आलंच. मग मनातल्या मनात मोजलं. माझ्या अंगातल्या रक्ताला चौसष्ट दिवस झाले होते.

१२ जुलै

नगरला तपासणीसाठी रक्त देऊन आले होते, त्याचा रिपोर्ट आला. नवं रक्त बासष्ट टक्के! महिनाभर चाळिसावर अडलं होतं. भूक लागते, जिना दम न लागता चढते. रतनबाई म्हणाल्या, काय त्वांड उजळलंय बाई, पूजाचे डिंकाचे लाडू तुमीच चोरून खाता व्हय? दोघी खूप हसलो.

पूजाची मुलगी दोन दिवस नीट पीत नाही म्हणे.

१९ जुलै

एक्क्याऐंशी टक्के. मुलीचं वजन घटलं आहे, ओठ पांढरे पडले आहेत. डॉक्टरांना कारण सापडत नाही.

लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. ती रडायला लागली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. दुपारी डोळा लागला, उठले तेव्हा उशी लाळेनं भिजलेली आणि अंगठा तोंडात. एकसष्टाव्या वर्षी. अभ्रा स्वतः धुतला आणि कोणाला दिसू नये म्हणून खोलीतच वाळत घातला.

नॅथनकडे जायचं ठरवलं, बॅग भरली. मग रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. बॅग रिकामी केली.

२३ जुलै

तपासण्यांसाठी दोन दिवस नगरला होते. पांढऱ्या पेशी एकदम घसरल्या. डॉक्टर चिंतेत पडले.

इकडे परतले तर रतनबाई दारातच आनंदानं सांगायला लागल्या. दोन दिवस पोर पोटभर प्याली, हसली सुद्धा.

त्याच पावली परत फिरायला हवं होतं. नॅथनची गाडी अजून अंगणातच उभी होती. मी त्याला हात हलवून निरोप दिला आणि वर आले.

२६ जुलै

ती पुन्हा पीत नाही. पूजा रडते, ते वर ऐकू येतं. मला सपाटून भूक.

सगळं सांगायचं म्हणून उठले. चार पायऱ्या उतरले. तिथेच उभी राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी. मग वर आले.

पहिल्या पिशवीतली कोण होती, हे मी कधी विचारलंच नाही. संपली, एवढंच ऐकलं. बरं वाटलं होतं तेव्हा.

२८ जुलै

शंभर टक्के. माझं स्वतःचं काही उरलं नाही. नॅथन फोनवर आनंदानं रडला.

खालून रडणं नाही. तेवढी ताकदच नाही तिला. उद्या पुण्याला नेणार आहेत.

उद्या तरी सांगेन—

२९ जुलै, सकाळ

गाडी येते आहे. रतनबाई दुपट्यात पोर घेऊन वर आल्या. पिशव्या भरून हुईस्तोवर घटकाभर धरा म्हणाल्या, तुमच्याएवढं भरवशाचं कोन हाय या घरात.

देऊ नका म्हणायचं होतं. आजाराचं नाव सांगायचं होतं. वाक्यं तयार होती.

मी हात पुढे केले.

त्या खाली गेल्या. पोर मांडीवर आहे, एका हातानं लिहिते आहे. केवढी हलकी. रडत नाही. बघते— ओळख असल्यासारखी—

लाज वाटायला हवी. शोधते आहे. कालपर्यंत होती— रोज होती—

हॉर्न वाजला. रतनबाई जिन्यातून हाक मारताहेत, द्या बाई पोरीला—

देते. थोडं थांबा— एवढंसंच राहिलं—